न पडणारी नाळ, न होणारा पू

बाळाची नाळ कितव्या दिवशी पडली, हे घरातल्या आजीच्या बरोबर लक्षात असते. कोणाची सहाव्या दिवशी, कोणाची दहाव्या. बारशाचा पाळणा सजेपर्यंत बहुतेक घरांत हा विषय संपलेला असतो. दोन आठवडे लागले तरी कोणी घाबरत नाही, आणि घाबरू नयेच. पण महिना उलटला, वाळका तुकडा बेंबीला तसाच चिकटलेला आहे, भोवतालची कातडी लालभडक झाली आहे आणि एवढे होऊनही तिथे पुवाचा टिपूस नाही, अशा बाळाकडे जाणता बालरोगतज्ज्ञ वेगळ्या नजरेने पाहतो.

नाळ नुसती वाळून पडत नाही. तिच्या मुळाशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल नावाच्या, गोळा होतात आणि तिथली ऊती विरघळवतात. मग तुकडा सुटतो. म्हणजे जन्मानंतर या पेशींनी पार पाडलेले हे पहिले उघड काम. पू म्हणजे तरी काय, तर जंतूंवर धावून गेलेल्या आणि तिथेच मेलेल्या याच पेशींचा खच. जिथे नाळ पडत नाही आणि पूही होत नाही, तिथे दोन्ही गोष्टींचे कारण एकच असू शकते: पेशी जागेवर पोहोचतच नाहीत.

1979 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अशा मुलांचे वर्णन आले. नाळ उशिरा पडलेली, अंगभर जंतुसंसर्ग आणि न्यूट्रोफिलांची हालचाल सदोष. रक्त तपासले की गंमत वाटावी असे चित्र दिसते. पांढऱ्या पेशी कमी नसतातच, उलट कित्येक पटींनी वाढलेल्या असतात. जखमेत मात्र शोधून सापडत नाहीत. गर्दीच्या लोकलमधून दादरला उतरायचे तर दोन गोष्टी लागतात. गाडीचा वेग कमी व्हायला हवा आणि दाराजवळच्या दांड्यावर हात पडायला हवा. या पेशींचेही तसेच आहे. आधी रक्तवाहिनीच्या भिंतीला हलके चिकटत, घरंगळत त्यांचा वेग मंदावतो. मग त्या भिंतीला घट्ट धरून बाहेर पडतात. घट्ट धरणारा प्रथिनाचा हात बनवणारे आयटीजीबी-2 हे जनुक बिघडले, तर पेशी रक्तातच फिरत राहतात. या विकाराला ल्युकोसाइट अॅड्हीजन डेफिशियन्सी, म्हणजे 'लॅड', प्रकार पहिला असे म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मुळात वेगच मंदावत नाही. त्या प्रकाराचा मुंबईशी विलक्षण संबंध आहे. तिकडे पुढे येऊच, आधी चेन्नईतल्या एका प्रसूतिगृहात जाऊ.

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी, इंग्रजांची ट्रिप्लिकेन, म्हणजे एकीकडे पार्थसारथी मंदिराच्या माडवीथी आणि दुसरीकडे अर्काटच्या नवाबांची वालाजा मशीद. या वस्तीच्या समुद्राकडच्या कडेला, चेपॉकच्या क्रिकेट मैदानाजवळ, कस्तुरबा गांधी रुग्णालय आहे. जुने लोक अजून त्याला 'गोशा आस्पत्री' म्हणतात. गोशा म्हणजे पडदा. मद्रास मेडिकल कॉलेजात 1875 मध्ये ज्या पहिल्या स्त्रियांना प्रवेश मिळाला, त्यांपैकी मेरी शार्लिब या डॉक्टरणीने 1885 मध्ये पडदानशीन मुसलमान आणि सोवळ्यातल्या हिंदू बायकांसाठी हे रुग्णालय सुरू केले. पुरुष डॉक्टरसमोर न येता मरण पत्करणाऱ्या बाळंतिणी तिने पाहिल्या होत्या. पाच वर्षांनी रुग्णालय आजच्या जागी आले. तेव्हापासून तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांतल्या किती पिढ्या इथे जन्मल्या, त्याला गणती नाही.

अशा प्रसूतिगृहातून बाळ घरी जाते तेव्हा त्याच्या प्रतिकारशक्तीची परीक्षा सुरू झालेली असते. तिचे वेळापत्रक ठरलेले आहे, पण ते कुठे छापलेले नसते. पहिला पेपर नाळेचा. दुसरा डाव्या दंडावर.

जन्मल्यावर लगेच टोचली जाणारी बीसीजी ही लस जिवंत असते. गाईगुरांतल्या क्षयजंतूला प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवून नरम केलेली ही जात. या लशीत आणि मद्रासमध्ये जुने नाते आहे. तिरुवल्लिकेणीहून काही मैलांवर गिंडी येथे 1948 मध्ये बीसीजी लस प्रयोगशाळा उभी राहिली. 1968 मध्ये शेजारच्या चिंगलपेट जिल्ह्यात या लशीची जगातली सर्वांत मोठी चाचणी सुरू झाली, अडीच लाखांहून अधिक लोकांवर. निकाल लागला तेव्हा अनेकांचे चेहरे उतरले, कारण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लस काही संरक्षण देत नव्हती. तरीही लहान मुलांच्या मेंदूज्वररूपी आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयाला ती आवर घालते, म्हणून ती टिकली, आणि माझ्या मते टिकली ते योग्यच झाले.

दंडावर दोन-तीन आठवड्यांनी पुटकुळी येते, चिघळते, तीनेक महिन्यांत खूण ठेवून भरते. बगलेत एखादी गाठ येणेही नेहमीचेच. तेवढ्यावरून कोणी घाबरायचे कारण नाही. क्वचित एखाद्या बाळात मात्र हा नरम जंतू आटोक्यात राहत नाही. गाठी फुटून वाहत राहतात, जंतू यकृतात, प्लीहेत, हाडांत पोहोचतो. निरोगी माणसाचे काही वाकडे करू न शकणाऱ्या जंतूने मूल दगावते. हे का होते, याचे पहिले नेमके उत्तर 1996 मध्ये मिळाले. माल्टामधल्या काही मुलांत आणि बीसीजीनंतर दगावलेल्या ट्युनिशियाच्या एका बाळात एकाच जनुकातला दोष सापडला. क्षयजातीचे जंतू भक्षक पेशीच्या पोटात जाऊन आरामात राहतात. त्यांना मारण्यासाठी त्या पेशीला बाहेरून एक निरोप मिळावा लागतो. तो निरोप म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा. या मुलांच्या पेशींवर निरोप घेणारा रिसेप्टरच धड नव्हता.

यातली खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. ही मुले न्यूमोनियाचे नेहमीचे जंतू इतर मुलांसारखेच परतवतात. गळवे येत नाहीत. त्यांचे वैर ठरलेले आहे: क्षयजातीचे जंतू आणि साल्मोनेला. साल्मोनेलाही पेशीच्या पोटातच दडून बसतो, म्हणून त्यालाही तोच निरोप लागतो. एका जनुकाची एक फट, आणि त्या फटीतून आत येऊ शकणारे मोजके जंतू. शरीराची प्रतिकारशक्ती 'कमी' असते असे आपण ढोबळपणे म्हणतो. 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' काढ्यांच्या जाहिराती याच समजुतीवर चालतात. जन्मजात दोषांची मुले नीट पाहिली की ती समजूत कोलमडते. प्रतिकारशक्ती हा एका पट्टीवर मोजायचा ऐवज नाही. कोणता जंतू, कोणत्या वयात, शरीराच्या कोणत्या भागात, हे तिन्ही धागे जुळवले की भिंतीला भगदाड नेमके कुठे आहे ते बऱ्याचदा प्रयोगशाळेआधीच कळते.

बीसीजीची एक अडचण मात्र राहतेच. काही बाळांत प्रतिकाराच्या जवळजवळ सगळ्याच फळ्या जन्मतः रिकाम्या असतात. त्याला सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी, थोडक्यात 'स्किड' म्हणतात. अशा बाळाला जिवंत लस देणे धोक्याचे, पण जन्मदिवशी ते ओळखायचे कसे? ब्रिटनने 2021 पासून बीसीजी चार आठवड्यांनी द्यायला सुरुवात केली, कारण तोवर टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून केलेली स्किडची चाचणी हाती येते. आपल्याकडे क्षय घरोघर पोहोचलेला आणि ती चाचणी सर्वांसाठी नाही. जन्मतःच लस देण्याचे धोरण बदलावे असे मला वाटत नाही. एक प्रश्न मात्र प्रत्येक प्रसूतिगृहात विचारला जावा: आधीचे मूल तान्हेपणी जंतुसंसर्गाने गेले का? उत्तर 'हो' असेल तर तपासणी होईपर्यंत दंड तसाच ठेवावा.

तिसरा पेपर सहाव्या महिन्याच्या आसपास. आईने वारेतून दिलेली प्रतिपिंडे तोवर बाळाला पुरतात. मग ती ओसरतात आणि बाळाला स्वतःची बनवावी लागतात. ज्याला ती बनवताच येत नाहीत असा मुलगा तोवर अगदी गुटगुटीत असतो आणि उष्टावणाच्या सुमारास आजारी पडू लागतो. कान फुटतो, न्यूमोनिया होतो, पुन्हा होतो, रक्तात जंतू भिनतात. दर वेळी जंतू त्याच घराण्यातले असतात, अंगावर साखरेचे जाड आवरण असलेले. न्यूमोकॉकस, हिमोफिलस. प्रतिपिंडांचा लेप बसल्याशिवाय भक्षक पेशींना ते धरताच येत नाहीत. घशात पाहिले तर टॉन्सिल नावालाही नसतात, कारण टॉन्सिल ज्या पेशींनी भरायचे त्या पेशीच नसतात.

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या ऑग्डेन ब्रुटन यांच्यासमोर असा आठ वर्षांचा मुलगा होता. पेनिसिलिनने तो दर वेळी बरा व्हायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा यायचा. रक्तातली प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करणारे यंत्र तेव्हा नवे होते. त्यात पाहिले तर गॅमा ग्लोब्युलिनची पट्टीच नाही. ब्रुटन यांनी दुसऱ्यांच्या रक्तातले गॅमा ग्लोब्युलिन दर महिन्याला टोचले आणि आजारपणे थांबली. 1952 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. दोषी जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो, आणि ते जनुक सापडायला 1993 उजाडले.

1952 हेच साल मुंबईतही महत्त्वाचे ठरले. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट जाहीर केला. ए नाही, बी नाही आणि ओ गटात असणारा एच हा मूळ घटकसुद्धा नाही. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. या गटाची माणसे ठणठणीत असतात. रक्त घ्यायची वेळ आली तरच अडचण.

चाळीस वर्षांनी, 1992 मध्ये, इस्रायलमधल्या अमोस एत्झिओनी यांनी दोन मुलांचे वर्णन केले. वारंवार जंतुसंसर्ग, पू नाही, पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या, वाढ आणि बुद्धी खुंटलेली. आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे! एच घटक ज्या साखरेने पुरा होतो, त्याच फ्युकोज साखरेने पांढऱ्या पेशींवर एक खूण तयार होते आणि त्या खुणेमुळे त्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर घरंगळतात, मंदावतात. भेंडे यांच्या माणसांत ही साखर फक्त तांबड्या पेशींच्या त्या घटकाला लावणारे विकर नसते. बाकी सगळीकडे साखर पोहोचते. एत्झिओनी यांच्या मुलांत साखर वाहून नेणारे प्रथिनच बिघडले होते, त्यामुळे ती कुठेच पोहोचत नव्हती. हाच तो लॅडचा दुसरा प्रकार, न मंदावणारी लोकल. पुढे यांतल्या काही मुलांना फ्युकोज तोंडाने पाजून फायदा झाला. इतक्या अवघड रोगावर इतका साधा उपाय क्वचितच सापडतो. प्रत्येकाला मात्र तो लागू पडला नाही.

केईएमच्याच आवारात 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली संस्था आज राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआयएच, या नावाने ओळखली जाते. भारतातल्या जन्मजात प्रतिकारदोषांच्या निदानात तिचा आणि परळच्या वाडिया बालरुग्णालयाचा, तसेच चंडीगढच्या पीजीआयचा वाटा मोठा आहे. लॅडच्या शंभराहून अधिक भारतीय मुलांचा अभ्यास 2020 मध्ये याच एनआयआयएचच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला. दुर्मीळ म्हणून बाजूला सारलेला रोग एका देशात शंभरांच्या संख्येने सापडतो, तेव्हा तो खरेच किती दुर्मीळ होता, असा प्रश्न पडतो.

आणखी एका रोगाशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही, कारण जंतूच्या नावावरून निदान ओळखण्याचे ते सर्वांत सुंदर उदाहरण आहे. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, सीजीडी. यात पेशी जागेवर पोहोचतात, जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. गिळल्यावर पेशी एरवी ऑक्सिजनपासून जहाल रसायने बनवते. इथे ती भट्टी पेटत नाही. यकृतात गळू, लसीकाग्रंथीत गळू, हाडांत पू. जंतू निघतात ते स्टॅफिलोकॉकस, सेराशिया, बर्खोल्डेरिया, नोकार्डिया, आणि जोडीला अॅस्परजिलस ही बुरशी. यकृतातल्या गळवातून स्टॅफिलोकॉकस निघाला की अनुभवी डॉक्टरच्या मनात सीजीडी येतोच. घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकॉकस या मुलांना फारसा छळत नाही. पाठ्यपुस्तक याचे कारण देते, की स्ट्रेप्टोकॉकस स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो आणि त्याच्याच हत्याराने मरतो. बाकीच्यांकडे ते रसायन मोडणारे कॅटालेज असते. कारण ऐकायला छान आहे. पण कॅटालेज काढून टाकलेले जंतूही सीजीडीच्या उंदरांना आजारी करतात, असे पुढे प्रयोगांत दिसले. निसर्ग पाठ्यपुस्तकाइतका नीटनेटका नसतो.

सीजीडीची जुनी तपासणी डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. एनबीटी नावाचा पिवळा रंग रक्ताच्या थेंबात मिसळायचा. निरोगी पेशी भट्टी पेटवतात आणि रंग निळा-जांभळा होतो. सीजीडीच्या पेशी पिवळ्याच राहतात. 1957 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी या रोगाचे नाव ठेवताना त्यात 'बालपणीचा प्राणघातक' असे शब्द घातले होते. रोजच्या प्रतिजैविकांनी आणि बुरशीविरोधी औषधांनी पुढे ते शब्द गाळायला लावले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात सीजीडीचे 236 रुग्ण होते.

ही मुले पूर्वी कुठे होती, असे कोणी विचारले तर उत्तरासाठी परत तिरुवल्लिकेणीला यावे लागते. इथल्या हनुमंतरायन कोविल गल्लीत गणिती श्रीनिवास रामानुजन इंग्लंडला जाण्यापूर्वी राहत होते. त्यांच्या पाठची तीन भावंडे तान्हेपणीच गेली होती. ती कशाने गेली हे शोधणे आता शक्य नाही, आणि त्यांना प्रतिकारदोष होता असे म्हणायला काही आधारही नाही. सांगायचे ते वेगळेच. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास शहरात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक पहिला वाढदिवस पाहत नसत. जिथे प्रत्येक घरातून एखादे मूल जाते, तिथे 'हेच मूल का?' असा प्रश्न कोणाला सुचणार? ब्रुटन यांचा मुलगा लक्षात आला तो पेनिसिलिनमुळे. पहिल्याच न्यूमोनियात तो दगावला असता तर पुन्हापुन्हा आजारी पडलाच नसता. 2020 च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार तमिळनाडूत हजारी 13 बाळे वर्षाच्या आत दगावली, महाराष्ट्रात 16. पाणी ओसरल्यावर तळाचे खडक दिसावेत तसे हे आजार आता दिसू लागले आहेत.

तमिळनाडूत अशा आजारांना नात्यातली लग्नेही हातभार लावतात. मामाशी किंवा मामाच्या मुलाशी लग्न इथे जुन्या रीतीत बसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली चतुर्थांशाहून अधिक लग्ने नात्यातली निघाली. आपण मराठी माणसांनी यावर नाक मुरडू नये. मामाची मुलगी हक्काची, ही रीत मराठवाड्यात आणि दक्षिण महाराष्ट्रातही चालत आली आहे. लॅड, सीजीडीचे काही प्रकार आणि इंटरफेरॉनच्या वाटेवरचे बहुतेक दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच प्रकट होतात. दोघांचे आजोबा एकच असतील तर ती प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. नात्यात लग्न केलेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच निघतात, हेही खरे. पण एकदा असे मूल झाले की पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता उरते. गर्भावस्थेतच तपासणी करता येते, हे अशा आईबापांना वेळेवर सांगितले गेले पाहिजे. सासरकडचे आणि माहेरकडचे एकच असल्याने दोष कोणाच्या घराण्याचा, हा वाद तरी इथे टळायला हवा. तो टळत नाही आणि बहुधा सुनेवरच येतो.

आईवडिलांच्या जिवाला घोर लागू नये म्हणून एक गोष्ट. बालवाडीत जाणारे मूल वर्षाला सहा-आठ वेळा सर्दीखोकल्याने आजारी पडणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. खटकले पाहिजे ते वेगळे: वर्षात दोनदा न्यूमोनिया, शिरेतून औषध दिल्याशिवाय न हटणारा संसर्ग, आतल्या अवयवांतली गळवे, वजन न वाढणे, आणि सर्वांत वर घरात आधी गेलेले मूल. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात लक्षणांच्या लांबलचक यादीपेक्षा घरचा इतिहास, शिरेतून दिलेली प्रतिजैविके आणि खुंटलेली वाढ, या तीनच गोष्टी निदानाला अधिक उपयोगी ठरल्या.

उपचार आहेत, पण महाग. प्रतिपिंडे न बनवणाऱ्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी किलोमागे 400 ते 600 मिलिग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन आयुष्यभर द्यावे लागते, आणि त्याची एकेक खेप हजारांहून अधिक दात्यांच्या रक्तद्रवातून बनते. मुलाचे वजन वाढले की घर आनंदते. या घरात औषधाचे बिलही वाढते. स्किड, सीजीडी, लॅड यांत अस्थिमज्जा बदलली तर रोग मुळापासून जातो. चेन्नईत, मुंबईत, वेल्लोरला अशी प्रत्यारोपणे होतात. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात स्किड आणि सीजीडीसाठीच्या प्रत्यारोपणाचा समावेश आहे, आणि 50 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम हे त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक.

जुळणारा दाता मिळणे हा शेवटचा अडसर. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. लहान कुटुंबात बऱ्याचदा भावंडच नसते, किंवा असलेले त्याच रोगाचे निघते. नात्यात लग्न झालेल्या घरांत मात्र डॉक्टर तिथेच थांबत नाहीत. आई, वडील, मामा, आत्येभाऊ, आजी, सगळ्यांची तपासणी करतात. कारण जी जवळीक बिघडलेली प्रत दोन्हीकडून घेऊन आली, तीच जुळणारी मज्जाही घरातच सापडण्याची शक्यता वाढवते.